पत्रिका जुळली, सिबिलचं काय?

लग्न जुळवताना आपल्याकडे काय काय बघतात! नाडी, गण, मंगळ, उंची, पॅकेज, गावाकडे शेती किती. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला अजूनही 'स्वयंपाक येतो ना गं?' असं हळूच विचारलं जातं. पण 'क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरतोस का रे, की नुसतं मिनिमम?' हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. जोडीदाराच्या मोबाइलचा पासवर्ड आपल्याला माहीत असतो, त्याच्या कॉलेजातल्या क्रशचं नाव माहीत असतं, कार्डाचं स्टेटमेंट मात्र ज्याचं त्याच्या ई-मेलमध्ये, पीडीएफला पासवर्ड लावून एकदम सुरक्षित!

मग एक दिवस दोघं मिळून घर घ्यायचं ठरवतात आणि बँक दोघांच्याही कुंडल्या एकाच टेबलावर मांडते. गंमत म्हणजे इथेही आकडा छत्तीसच. फक्त गुण नव्हेत, महिने.

छत्तीस महिन्यांची कुंडली

ही कुंडली म्हणजे क्रेडिट रिपोर्ट. आपण सगळे त्याला सरसकट 'सिबिल' म्हणतो, जसं कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं. खरं तर आपल्या देशात अशी नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. तुमचं प्रत्येक कर्ज, प्रत्येक क्रेडिट कार्ड यांच्याकडे नोंदलेलं असतं. सिबिलच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याखाली मागच्या ३६ महिन्यांचे छोटे छोटे चौकोन असतात. महिन्याचा हप्ता किंवा बिल वेळेवर गेलं की तिथे शून्य. उशीर झाला की जितके दिवस उशीर, तितका आकडा. या सगळ्याचं सार म्हणजे ३०० ते ९०० मधला एक स्कोअर. ७५०च्या वर असेल तर होम लोनवाले साहेब चहा मागवतात, असा साधारण अनुभव.

आणि हो, स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. ही अफवा आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये इतकी पक्की आहे, की अर्धी मंडळी भीतीने कधी बघतच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे या चारही कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. म्हणजे वर्षात चारदा, एक पैसा न देता. सिनेमाला जाताना पॉपकॉर्नचा भाव बघून घाबरणारे आपण, फुकट मिळणारी ही गोष्ट मात्र सोडून देतो!

आम्हीही लग्नानंतरच्या चार वर्षांत आपापला रिपोर्ट एकमेकांसमोर कधी उघडला नव्हता. तशी वेळच आली नव्हती. आली ती २०२४ च्या दिवाळीनंतर.

रिपोर्टमध्ये कारणाचा रकाना नसतो

पुनावळ्यात एक टू बीएचके बघितला होता. रीसेलचा, सातव्या मजल्यावरचा, पूर्वेला बाल्कनी. हिंजवडीचं ऑफिस जवळ. किंमत ७८ लाख. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते आणि स्टँप ड्युटी-रजिस्ट्रेशनचे पैसे वेगळे, आपल्याच खिशातून. पुण्यात स्टँप ड्युटीच ७ टक्के. म्हणजे कर्ज ६२ लाख आणि आमचे साधारण २२ लाख. ते २२ लाख आम्ही चार वर्षांत जमवले होते. गोव्याच्या दोन ट्रिपा, एक नवीन बाइक आणि असंख्य वीकेंड कॅन्सल करून.

दोघांचा मिळून हातात येणारा पगार तेव्हा एक लाख वीस हजार. बँका साधारणपणे पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ते चालवून घेतात. म्हणजे ६० हजार. साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, एक लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. हिशेब सोपा: ६० हजारांच्या हप्त्यात ६९ लाखांचं कर्ज बसतं. आम्हाला हवे ६२. मी तर पडद्यांचे रंगसुद्धा ठरवून टाकले होते.

बँकेतल्या साहेबांनी दोन्ही रिपोर्ट काढले, माझ्याकडे बघून हसले आणि नवऱ्याला म्हणाले, "सर, हा साडेतेरा हजारांचा हप्ता चालू आहे ना कार्डावर? तो आहे तोपर्यंत फाइल बसत नाही."

कुठला हप्ता?

तीन लाख लिमिटचं कार्ड. त्यावर दोन लाख चाळीस हजार बाकी. म्हणजे लिमिटच्या ८० टक्के वापरलेलं. चोवीस महिन्यांचा ईएमआय, त्यातले चारच भरून झालेले. सगळे वेळेवर, चौकोनांत सगळी शून्यं. तरीही स्कोअर ७१२ वर घसरलेला. आणि कर्जाचं गणित तर पार कोलमडलेलं. साठातून साडेतेरा हजार गेले की उरतात साडेसेहेचाळीस. त्यात बसतं साडेत्रेपन्न लाखांचं कर्ज. एका कार्डावरच्या हप्त्याने आमचं साडेपंधरा लाखांचं कर्ज, म्हणजे घराची एक आख्खी बेडरूम, खाऊन टाकली होती.

पार्किंगमध्ये येईपर्यंत आम्ही दोघंही गप्प.

"बाबांचं बिल होतं गं," तो म्हणाला. जुलैमध्ये सासऱ्यांची बायपास झाली होती, मिरजेला. मेडिक्लेममधून बरंच निघालं, हे मला माहीत होतं. 'बरंच' म्हणजे 'सगळं' नाही, हे माहीत नव्हतं. वरचे दोन लाख ऐंशी हजार त्याने डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कार्ड घासून भरले आणि दुसऱ्या दिवशी ईएमआयमध्ये बदलून घेतले.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, फ्लॅटच्या पैशातून भर. तेच मला नको होतं."

"मग आता बँकेनेच सांगितलं ना मला!"

मला राग पैशांचा आला नव्हता. चार महिने हा माणूस हे एकट्याने वाहत होता आणि मी शेजारी बसून पडद्यांचे रंग निवडत होते, याचं वाईट वाटलं. पण त्या दिवशी एक गोष्ट मात्र लख्ख कळली. क्रेडिट रिपोर्टमध्ये तारखा असतात, रकमा असतात, उशिराचे दिवस असतात. कारणाचा रकाना नसतो. वडिलांच्या हृदयासाठी घासलेलं कार्ड आणि सेलमध्ये टीव्हीसाठी घासलेलं कार्ड तिथे अगदी सारखं दिसतं. बँकेला तुमची गोष्ट ऐकायला वेळ नाही आणि तिची तशी चूकही नाही. म्हणून आपली गोष्ट काय आहे, हे त्या आकड्यांतून नीट दिसेल अशी व्यवस्था अर्ज करण्याआधी आपणच करायची असते. अर्ज केल्यावर नव्हे. आधी.

भुताचं कार्ड

माझी कुंडली तरी निर्दोष असेल, असं वाटलं होतं. तिथे एक भूत निघालं.

पहिल्या नोकरीत पगाराच्या खात्यासोबत एका बँकेने मला क्रेडिट कार्ड गळ्यात मारलं होतं. नोकरी बदलल्यावर मी ते बंद करायला लेखी कळवलं, बाकी शून्य असल्याचं उत्तरही आलं. पण बँकेने ते बंद केलंच नाही. वर्षाची फी चारशे नव्याण्णव, त्यावर जीएसटी, असे ५८९ रुपये लागले आणि 'ओव्हरड्यू' म्हणून माझ्या नावावर जाऊन बसले. पत्ता जुना, मोबाइल नंबर जुना, म्हणून मला कळायला मार्ग नाही. पाचशे एकोणनव्वद रुपयांसाठी ६२ लाखांच्या फाइलवर लाल शेरा! हसावं की रडावं?

सुदैवाने मला जुने ई-मेल डिलीट करायची सवय नाही. रिझर्व्ह बँकेचे कार्डांबद्दलचे नियम १ जुलै २०२२ पासून लागू आहेत. त्यात साफ लिहिलंय, की बाकी नसेल तर कार्ड बंद करायची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला ५०० रुपये द्यायचे. मी क्रेडिट कंपनीच्या वेबसाइटवर 'डिस्प्यूट' टाकला, बँकेला जुन्या ई-मेलच्या प्रती पाठवल्या. अशा तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लावावा लागतो. एप्रिल २०२४ पासून तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. माझं भूत एकोणिसाव्या दिवशी उतरलं. सॉरीचा ई-मेल आला, त्यात नाव मात्र चुकीचं लिहिलेलं. असो.

पण विचार करा, हे टोकन देऊन झाल्यावर निघालं असतं तर? घरमालक एकोणीस दिवस थांबला असता? म्हणून रिपोर्ट बघायचा तो घर शोधायला लागण्याच्या सहा महिने आधी, घर पसंत पडल्यावर नाही.

सहा महिन्यांचं पथ्य

आता आमच्यापुढे तीन रस्ते होते. पहिला एजंटने सुचवलेला: "मॅडम, पाच बँकांत फाइल टाकू, कुठेतरी बसेल." हा सगळ्यात वाईट. प्रत्येक बँक रिपोर्ट काढते आणि प्रत्येक वेळी तिथे 'चौकशी' नोंदली जाते. महिनाभरात पाच चौकश्या म्हणजे 'या माणसाला पैशांची फार घाई आहे', असा अर्थ. दुसरा, मी एकटीने अर्ज करायचा. माझ्या एकटीच्या पगारावर जेमतेम ३१-३२ लाख. तेवढ्यात पुनावळ्यात बाल्कनी आली असती, घर नाही. तिसरा, जमवलेल्या पैशातून कार्ड फेडून टाकायचं.

ही बातमी कशी कोण जाणे तासगावला पोचली आणि सासूबाईंचा फोन आला. "माझ्या पाटल्या मोडा. नाहीतरी कपाटातच असतात." आम्ही दोघांनीही एका आवाजात नको म्हटलं. लग्नानंतर इतकं एकमत आमचं पहिल्यांदाच झालं असेल!

आम्ही तिसरा रस्ता घेतला. प्रीक्लोजर चार्ज आणि त्यावरचा जीएसटी धरून जवळपास अडीच लाख गेले. कार्ड कोरं झालं. पुनावळ्याचा फ्लॅट डिसेंबरमध्ये दुसऱ्या कुणीतरी घेतला. मी आठवडाभर त्या रस्त्याने ऑफिसला गेले नाही.

मग सुरू झालं पथ्य. हे आम्ही फ्रिजवर लिहून लावलं होतं, तुम्हीही लावा.

पहिलं पथ्य, बिल पूर्ण भरायचं. 'मिनिमम ड्यू' हा शब्दच विसरायचा. पन्नास हजारांच्या बिलावर पाच टक्के मिनिमम म्हणजे अडीच हजार. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ते १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. अडीच हजार भरून मूळ बाकी कमी झाली फक्त ४३५ रुपयांनी! वर नवीन खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज, बिनव्याजी दिवसांची सवलत संपली. साडेतीन टक्के महिना म्हणजे ४२ टक्के वर्षाला. या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. म्हणजे आता आपल्याला वाचवणारं कुणी असेल, तर ते आपणच.

दुसरं, तारीख. ऑटो-पे लावून टाका, 'टोटल ड्यू'वर. ड्यू डेट हुकली तर लेट फी आणि रिपोर्टमधली नोंद या दोन्हींसाठी तीन दिवसांची सवलत आहे. पण तीन दिवस उलटले, की उशीर मोजतात तो मूळ तारखेपासूनच. परीक्षेत पाच मिनिटं जास्त मिळणार म्हणून कुणी उशिरा जातं का?

तिसरं, लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहायचं. हा काही कायदा नाही, पण सगळे जाणकार हाच आकडा सांगतात. इथे एक बारीक गोम आहे. तुम्ही बिल वेळेवर भरता, ठीक. पण कार्डवाली बँक क्रेडिट कंपनीला जी बाकी कळवते, ती त्या दिवशीची असते. तुम्ही दोन दिवसांनी सगळं भरलंत, हे पुढच्या वेळी दिसणार. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जायची. जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्यातून किमान एकदा पाठवणं बंधनकारक झालं. त्यामुळे मोठी खरेदी झाली तर बिलाची वाट बघायची नाही. त्याच आठवड्यात अॅपवरून पैसे भरून मोकळं व्हायचं. आणि २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, तेव्हापासून चहा-वडापावही कार्डावरच जातो. वीस-वीस रुपये करत महिनाअखेर किती होतात, ते एकदा बघाच.

चौथं, 'नो कॉस्ट'चं कौतुक आवरायचं. ईएमआयवर फोन घेतला, की उरलेली सगळी रक्कम लिमिटमधून अडकते आणि हप्ता तुमच्या कर्जाच्या ऐपतीतून वजा होतो. आमचा हिशेब लक्षात आहे ना? दर हजार रुपयांच्या हप्त्यामागे साधारण एक लाख पंधरा हजारांचं गृहकर्ज कमी. चार हजारांच्या हप्त्याचा फोन म्हणजे साडेचार लाखांचं घर! 'आत्ता घ्या, नंतर द्या'वाली अॅप्सही बऱ्याचदा कर्ज म्हणूनच नोंदली जातात. पाचशे रुपयांची बिर्याणी रिपोर्टमध्ये 'पर्सनल लोन' म्हणून दिसली, तर दोष बिर्याणीला देऊ नका.

पाचवं, नवीन कार्ड नाही. मॉलच्या दारात फुकट ट्रॉली बॅग देणारा मुलगा कितीही गोड हसला तरी नाही. सहा महिने मान खाली घालून एस्कलेटरवर चढायचं.

सहावं सगळ्यांना उलटं वाटतं: जुनं कार्ड घाईघाईने बंद करू नका. माझ्या मैत्रिणीने घराआधी 'साफसफाई' म्हणून दोन लाख लिमिटचं सर्वांत जुनं कार्ड बंद केलं. उरलं एक लाखाचं. महिन्याचा खर्च तोच, साठ हजार. आधी तीन लाखांतले साठ हजार म्हणजे २० टक्के. आता एक लाखातले साठ हजार म्हणजे ६० टक्के! खर्च एक रुपयाने वाढला नाही आणि स्कोअर खाली आला. फी नसलेलं जुनं कार्ड असेल, तर त्यावर महिन्याला मोबाइलचं बिल टाका आणि विसरा. बंद करायचं भूतच असेल तर जरूर करा, पण लेखी करा आणि 'नो ड्यूज'चं पत्र जपून ठेवा.

आणि सातवं, 'सेटलमेंट' या शब्दाच्या मोहात पडू नका. थकलेल्या बाकीवर वसुलीवाले म्हणतात, "एक लाखाचे साठ हजार द्या, विषय संपवू." विषय संपत नाही. रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' असा शिक्का बसतो आणि गृहकर्जवाला तो वाचतो तो असा, की 'याने कुणाचे तरी चाळीस हजार बुडवलेत'. जमत असेल तर पूर्ण भरा.

आमच्या ऑफिसमध्ये एक पठ्ठ्या आहे, ज्याने आयुष्यात कधी कार्डच घेतलं नाही. तो आमची ही धडपड बघून खूश! पण त्याचा प्रश्न वेगळा, त्याच्या कुंडलीत ग्रहच नाहीत. पूर्वी अशा माणसाला सरळ परत पाठवायचे. आता रिझर्व्ह बँकेने सांगितलंय, की पूर्वीची नोंद नाही एवढ्याच कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये. तरीही बँक बाकीची तपासणी करणारच. तेव्हा कार्ड असणं हा गुन्हा नाही आणि नसणं हे काही पुण्यही नाही.

सह्या, सोफा आणि पाटल्या

पथ्याचे महिने कंटाळवाणे गेले, खोटं कशाला बोलू? सुटलेले साडेतेरा हजार दर महिन्याला बाजूला, मार्चचा बोनस बाजूला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं लॅपटॉप उघडून दोन्ही कार्डांची स्टेटमेंट एकत्र बघायचो. पहिल्या रविवारी दोघंही जरा अवघडलेले. त्याला माझ्या त्वचेच्या क्रीमची किंमत कळली, मला त्याच्या क्रिकेट अॅपची वर्गणी. तिसऱ्या रविवारपर्यंत त्याची सवय झाली, नंतर त्यात मजा यायला लागली. कुणी कुणाला हिशेब विचारायचा नाही, फक्त दोघांनी बघायचं, एवढाच नियम. आता हॉस्पिटलचं बिल आलं तर ते दोघांचं असेल, हे त्या रविवारांनी न बोलता ठरवून टाकलं.

जूनमध्ये त्याचा स्कोअर ७६८ झाला, माझा ७८१. त्याच काळात रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी, एप्रिल आणि जून २०२५ मध्ये मिळून रेपो दर एक टक्क्याने उतरवला. ती आमची हुशारी नव्हे, निव्वळ नशीब. पण त्या कमी दरातही चांगल्या स्कोअरवाल्याला वेगळा भाव आणि कमी स्कोअरवाल्याला वेगळा, हे प्रत्यक्ष पाहिलं. अर्ध्या टक्क्याचा फरक किरकोळ वाटतो ना? ५० लाखांचं कर्ज, वीस वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता ४३,३९१ आणि नऊ टक्क्यांनी ४४,९८६. महिन्याला सोळाशेचा फरक, वीस वर्षांत पावणेचार लाखांच्या वर. कार्डाचं बिल वेळेवर भरायचे पैसे कुणी देत नाही म्हणतात. हे काय मग?

जुलैमध्ये रावेतला एक घर मिळालं. पाचवा मजला, बाल्कनी पश्चिमेला. दुपारी ऊन येतं, चालायचंच. कर्ज आठ टक्क्यांच्या आत मंजूर झालं. मंजुरीचं पत्र आलं त्याच संध्याकाळी नवरोबा सोफ्याच्या शोरूमचं पान उघडून बसले, बारा महिने, नो कॉस्ट! मी लॅपटॉप मिटला. मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत. प्रत्यक्ष चेक निघेपर्यंत बँक पुन्हा रिपोर्ट काढू शकते आणि मधल्या काळात नवा हप्ता दिसला, तर गणित पुन्हा मांडते. सोफा थांबू शकतो. पहिले दोन महिने आम्ही सतरंजीवर बसून जेवलो.

दसऱ्याला वास्तुशांत केली. तासगावहून आई-बाबा आले. बाबा जिना चढू नका म्हटलं तरी एक मजला चढून आले, बायपासनंतर चालायलाच सांगितलंय म्हणे. मोदकांचं सारण करताना आईंच्या हातातल्या पाटल्या परातीवर सारख्या वाजत होत्या. नवरा दोनदा स्वयंपाकघरात येऊन बघून गेला. काही बोलला नाही.